पंचेचाळीस दिवसांचे उद्दिष्ट आणि आशेचा हिशेब: ‘वॉटर कप’ स्पर्धेचे प्रकरण

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्याची वेळ आली. सलग दोन वर्षे पावसाने दगा दिल्यामुळे मराठवाड्यातील धरणे जवळपास कोरडी पडली होती, लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली होती, आणि आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावेत की नाही यावर मुंबई उच्च न्यायालयात युक्तिवाद चालू होता. त्या महिन्यातील वर्तमानपत्रे चाळली तर भेगाळलेली जमीन, घागरींची रांग आणि शेतकरी आत्महत्येनंतर उघडे पडलेले कुटुंब, या तीन छायाचित्रांपलीकडे दुष्काळाचे वार्तांकन क्वचितच गेलेले दिसते. ही छायाचित्रे खोटी नव्हती. मात्र ती पाहणाऱ्या गावकऱ्याने सकाळी उठून नेमके काय करावे, याचे उत्तर त्यांत कुठेही नव्हते.

त्याच उन्हाळ्यात साताऱ्यातील कोरेगाव, अमरावतीतील वरुड आणि बीडमधील अंबाजोगाई या तीन तालुक्यांतील ११६ गावे एका स्पर्धेत उतरली होती. आमिर खान आणि किरण राव यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या पाणी फाउंडेशनची ही ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा. आपल्या शिवारात पडणारे पाणी अडवण्यासाठी ऐन उन्हाळ्यातील ठरावीक दिवसांत जे गाव सर्वांत चांगले काम करील त्याला ५० लाख रुपयांचे पहिले पारितोषिक, असे तिचे स्वरूप होते. ते कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाला मिळाले. पुढच्या वर्षी स्पर्धा ३० तालुक्यांत गेली, २०१८ मध्ये ७५ तालुक्यांतील चार हजारांहून अधिक गावांनी तीत नाव नोंदवले, आणि २०१९ नंतर ती या स्वरूपात थांबली. पाणलोट विकासाचा उपक्रम म्हणून तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे तिचा विचार संवादाचे प्रकरण म्हणून केला आहे, कारण हवामान बदलाविषयी लोकांशी आशादायक भाषेत कसे बोलावे या प्रश्नाचे इतक्या मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलेले दुसरे उत्तर निदान मराठीत तरी सहज सापडत नाही.

अडचण कोठे होती

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. अवर्षणप्रवण तालुक्यातील शेतकऱ्याला हे वेगळ्या शब्दांत आधीच ठाऊक असते: पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो, ओढ्याने वाहून जातो, आणि मग महिनाभर उघडीप देतो. शास्त्रज्ञाचे विधान आणि शेतकऱ्याचा अनुभव यांत येथे फारसे अंतर नाही. अडचण अशी की दोन्ही ऐकून माणूस मान हलवतो आणि गप्प बसतो, कारण पावसाच्या लहरीपुढे आपण कोण, ही भावना दोन्हींतून सारखीच पक्की होते.

भीती दाखवून हे मौन फुटत नाही, असे संशोधनही सांगते. सॅफ्रन ओ’नील आणि सोफी निकल्सन-कोल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवामान बदलाची भयावह चित्रे लक्ष वेधून घेतात खरी, पण पाहणाऱ्याला विषयात गुंतवून ठेवण्यास ती सहसा उपयोगी पडत नाहीत, असा निष्कर्ष होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांची ‘आपल्याला हे जमेल’ या विश्वासाविषयीची मांडणी येथे अधिक कामाची आहे. हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काहीतरी करून यश मिळाल्याने. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेले पाहून. कोणीतरी ‘तुम्हाला जमेल’ असे सांगण्याचा परिणाम या दोन्हींपेक्षा दुबळा असतो. आपल्याकडील बहुतेक जनजागृती मोहिमा या तिसऱ्या, दुबळ्या मार्गावरच सगळा पैसा खर्च करतात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतींवर कित्येक वर्षे रंगवलेली होती; ती चुकीची नव्हती, पण कोठे अडवा, किती अडवा आणि अडले हे कशावरून ओळखा, यांपैकी एकाही प्रश्नाला भिंत उत्तर देत नव्हती.

आशेचे कारखान्यातले भाग

वॉटर कपच्या रचनेत घोषणेची जागा प्रशिक्षणाने घेतली होती. भाग घेऊ इच्छिणाऱ्या गावाने ग्रामसभेत ठराव करायचा आणि स्त्री-पुरुष मिळून आपले पाच जण चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला पाठवायचे. प्रशिक्षण एखाद्या सभागृहात न होता पाणलोटाचे काम आधी केलेल्या गावात होत असे. तेथे आलेल्या माणसाला पहिल्याच फेरीत दिसे ते आपल्यासारखेच माळरान, आपल्यासारखीच मुरमाड जमीन, आणि उन्हाळ्यातही तळ न गाठलेली विहीर. शिकवणाऱ्यांतही इतर गावांतून पुढे आलेले शेतकरी असत. साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ, ज्यांना त्या भागात ‘पाणीवाले बाबा’ म्हणून ओळखतात, या उपक्रमाचे प्रमुख सल्लागार होते, आणि गावाची मने आधी जुळली तरच माती हलते हा त्यांच्या जुन्या कामातला अनुभव प्रशिक्षणात उतरलेला दिसतो: त्यात तांत्रिक सत्रांइतकाच वेळ खेळांना आणि गटचर्चांना दिलेला होता.

प्रशिक्षणातील एका साधनाकडे जवळून पाहणे उपयोगाचे ठरेल. हायड्रोमार्कर म्हणजे मोजपट्टीच्या खुणा असलेल्या दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी, पाणी भरलेली एक पारदर्शक नळी. एकाने एक काठी डोंगरउतारावर उभी धरायची, दुसऱ्याने दुसरी काठी घेऊन पुढे जायचे आणि नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी सारख्या खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकायचे. ती जागा सापडली की फक्की टाकायची. असे बिंदू जोडत गेले की उतारावर समान पातळीची रेषा उमटते, आणि त्या रेषेवर सलग समतल चर खणायचा. चर जरा जरी उताराला लागला तर पाणी एका टोकाला धावून तोच फोडते, म्हणून ही आखणी महत्त्वाची. एरवी ती कृषी विभागाच्या किंवा लघुसिंचनाच्या माणसाने यंत्र लावून करून द्यायची गोष्ट होती. दहावी नापास तरुण आणि बचत गटातली बाई जेव्हा तीच आखणी अर्ध्या तासात बिनचूक करू लागते, तेव्हा तिला मिळते ती माहिती नसते. आपल्याला हे येते हा अनुभव असतो. बांडुरा यांनी सांगितलेला पहिला मार्ग तो हाच, आणि माझ्या मते सगळ्या स्पर्धेतील सर्वांत प्रभावी संदेश या नळीत होता. दूरचित्रवाणीवर जे दिसले ते त्याच्या मागून येते.

दुसरा भाग हिशेबाचा. एक हजार हेक्टरचे शिवार आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस असे कमी पावसाचे गाव धरले, तरी त्या शिवारावर वर्षभरात ५०० कोटी लिटर पाणी पडते. गावची लोकसंख्या २,००० आणि दर माणशी दररोज ५५ लिटर धरले तर घरगुती वापराला वर्षाला सुमारे चार कोटी लिटर लागतात, म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या एक टक्काही नाही. ज्या गावात फेब्रुवारीपासून टँकर येतो त्या गावाला हे आकडे कागदावर मांडून दाखवले की ‘देवाने पाऊसच दिला नाही’ या वाक्याची धार बोथट होते. पुढचे पाऊल त्याहून सोपे. एक घनमीटर माती काढली की एक हजार लिटर पाण्याला जागा झाली. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे दहा माणसांनी काढलेली एक-एक घनमीटर माती, आणि तो चर पावसाळ्यात जितक्या वेळा भरून जिरेल तितके टँकर. टिकाव, फावडे आणि घमेले यांना थेट लिटरमध्ये भाषांतरित करणारा हा हिशेब कोणालाही तोंडी करता येतो.

गुणांकनही याच हिशेबावर उभे होते. श्रमदानाचे उद्दिष्ट गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात आणि यंत्राच्या कामाचे उद्दिष्ट क्षेत्राच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे लहान वाडीलाही मोठ्या गावाशी टक्कर देता येई. २०१७ चे पहिले पारितोषिक वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या लहानशा आदिवासी गावाला मिळाले, हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. माण तालुक्यातील टाकेवाडीला २०१८ मध्ये आणि बार्शी तालुक्यातील सुर्डीला २०१९ मध्ये तो मान मिळाला. विजेत्यांच्या या यादीत बाजारपेठेचे किंवा पुढाऱ्याचे गाव म्हणून राज्यभर गाजलेले एकही नाव नाही, आणि जिंकणारे गाव आपल्यासारखेच असणे हा बांडुरा यांच्या दुसऱ्या मार्गाचा गाभा आहे.

तिसरा भाग मुदतीचा. २०१७ आणि २०१८ मध्ये ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस ठरलेले होते. हवामान बदलाविषयीची बहुतेक उद्दिष्टे २०५० किंवा २०७० अशा वर्षांत सांगितली जातात; ती गाठली की हुकली हे पाहायला आज ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण हयात नसतील. येथे शेवटचा दिवस माहीत होता, आजचा चर उद्या दिसत होता, आणि मुदत संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत मृगाचा पाऊस येऊन ते काम भरून दाखवणार होता. प्रयत्न आणि परिणाम यांतील अंतर इतके कमी करणे हे या रचनेचे मोठे यश होते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तिची दुखरी बाजूही तीच होती.

चित्रपट कलावंतांचा सहभाग, मराठी वाहिन्यांवरचा साप्ताहिक कार्यक्रम आणि १ मे २०१८ रोजी हजारो शहरी लोकांनी गावोगाव जाऊन केलेले महाश्रमदान यांची चर्चा सर्वाधिक झाली, म्हणून येथे थोडक्यात आटोपतो. प्रसिद्ध चेहऱ्यामुळे ग्रामसभेला गर्दी होते. पहाटे पाचला, विसाव्या दिवशी, हाताला फोड आलेले असताना टेकडीवर जायला तो चेहरा पुरत नाही. तेथे शेजारच्या गावाचे काम किती झाले ही बातमीच उपयोगी पडते. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी किती माती हलवली यापेक्षा, आपल्या गावाचे काम कोणीतरी मुद्दाम पाहायला आले याचे गावाला वाटणारे अप्रूप अधिक मोलाचे होते, असे मला वाटते.

पावसाने घेतलेली परीक्षा

२०१८ हे स्पर्धेचे सर्वांत मोठे वर्ष, आणि त्याच वर्षी पाऊस रुसला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात स्पर्धेतील अनेक तालुके होते. गावाने पंचेचाळीस दिवस घाम गाळून चर आणि बांध तयार ठेवले होते, आणि ते भरायला पाणीच आले नाही. आशेवर उभ्या असलेल्या कोणत्याही संवादाला हा प्रश्न कधीतरी विचारला जातोच, आणि येथे तो विचारण्याआधीच थोडी तयारी व्हायला हवी होती. जाहीर होणारे आकडे पाहा. २०१७ च्या कामातून सुमारे ८,३०० कोटी लिटरची साठवणक्षमता निर्माण झाली असे संस्थेने सांगितले होते. क्षमता हा शब्द त्यात प्रामाणिकपणे होता. पण बातमी होऊन गावापर्यंत पोहोचताना तो गळून पडे आणि ‘इतके कोटी लिटर पाणी साठले’ एवढेच उरे. ज्याने हे दुसरे वाक्य ऐकले त्याला २०१८ चा पावसाळा फसवणुकीसारखा वाटला असल्यास नवल नाही. जे झाले ते असे की जेथे एक-दोन सरी आल्या तेथे त्या कामाने धरून ठेवल्या, आणि जेथे आल्याच नाहीत तेथे काम कोरडे राहिले. एवढे साधे विधान मुदतीच्या पहिल्या दिवशी सांगितले असते तर उत्साह थोडा कमी झाला असता, पण पुढच्या वर्षी तो पुन्हा उभा करणे सोपे गेले असते.

यशोगाथांची निवड हीदेखील एक अडचण होती. नाव नोंदवलेल्या सगळ्याच गावांनी अखेरपर्यंत काम केले नाही. कोठे गटातटाचे राजकारण आडवे आले, कोठे प्रशिक्षण घेऊन आलेल्या पाच जणांचे गावाने ऐकलेच नाही, कोठे यंत्राच्या डिझेलचा पैसा जमला नाही. पडद्यावर मात्र बहुधा भांडणारे गाव शेवटी एक होते. एकदाच अपयशी ठरलेल्या गावाला अशी मालिका पाहून प्रेरणा मिळते की आपणच नालायक ही खात्री पटते, याचा विचार प्रेरक संवाद करणाऱ्यांकडून फार कमी होतो. अर्ध्यावर थांबलेल्या गावांची, ती का थांबली यासकट, तितक्याच आपुलकीने सांगितलेली गोष्ट या मोहिमेत असायला हवी होती.

हिशेबाची दुसरी बाजू

यापेक्षा मोठी उणीव हिशेबातच होती. वर मांडलेले गणित पुढे नेऊन पाहू. उसाला वर्षभरात साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर होतात. ५०० मिलिमीटर पावसाचा वाटा पूर्ण वजा केला तरी दीड कोटी उरतात. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षभर पिण्या-वापरण्यासाठी जेवढे पाणी लागते, तेवढे जेमतेम पावणेतीन हेक्टर ऊस भूगर्भातून किंवा बंधाऱ्यातून ओढून घेतो. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरात, आणि तो थर काही अथांग नाही. गावाने मिळून टेकडीवर जिरवलेले पाणी पायथ्याच्या दोन-चार बोअरवेलनी नोव्हेंबरपासून उपसायला घेतले, तर श्रमदान सर्वांचे आणि ऊस एकाचा, असा शेवट होतो.

याची जाण महाराष्ट्राला नव्हती असे नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावातून सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क माणशी ठरवला होता आणि उसाला त्यात जागा नव्हती. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची आणि शेतीसाठी बोअरवेल न घेण्याची शिस्त लावली. दोन्ही ठिकाणी आशा होती, पण तिच्या जोडीला ‘हे करायचे नाही’ असे ठाम वाक्यही होते. वॉटर कपचा आरंभीचा संदेश जवळजवळ संपूर्णपणे ‘हे करा’ या क्रियापदावर चालला, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. चर खणण्यात कोणाचेच नुकसान नसते, म्हणून त्यावर गाव एक होऊ शकते; ऊस सोडण्यात एका घराचे नुकसान असते आणि त्यावर गाव फुटू शकते. एकोपा हीच ज्या मोहिमेची ऊर्जा आहे तिने फूट पाडणारा विषय पुढे ढकलावा, हे व्यवहाराला धरून झाले. पण आशादायक संवादावर होणारा जुना आक्षेप, की तो सोपे ते सांगतो आणि अवघड ते टाळतो, त्याला येथे आधार मिळाला हेही खरे.

जलयुक्त शिवार या समांतर चाललेल्या सरकारी योजनेवर हाच आक्षेप अधिक कडकपणे घेतला गेला. यंत्रांनी केलेल्या नाला खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा न्यायालयात गेले, आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेला फारसे यश आले नसल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात नोंदवले गेले. दोन्ही उपक्रम एक नव्हेत. तरीही पोकलेनचा मोह वॉटर कपच्या गावांनाही होताच: श्रमदानाचा एक घनमीटर आणि यंत्राचा एक घनमीटर लिटरमध्ये सारखाच दिसतो, माणसाच्या मनात मात्र नाही.

फाउंडेशनने स्वतः यातून जो मार्ग काढला तो या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. २०२० मध्ये ‘समृद्ध गाव स्पर्धा’ आली. तिची मुदत आठवड्यांऐवजी महिन्यांत मोजायची होती, आणि माती-पाण्याच्या कामासोबत पाण्याचा ताळेबंद, झाडे, गवत आणि शेतकऱ्याचे उत्पन्न यांनाही तीत स्थान होते. त्यानंतर २०२२ पासून ‘फार्मर कप’ आला, ज्यात गावाऐवजी शेतकऱ्यांचा गट स्पर्धक असतो, एकत्र पीक ठरवतो, बियाणे-खतांसारख्या निविष्ठा एकत्र घेतो. प्रसिद्धीच्या दृष्टीने या दोन्ही स्पर्धा वॉटर कपइतक्या गाजल्या नाहीत. डोंगरउतारावर पहाटेच्या अंधारात बॅटऱ्या घेऊन निघालेले गाव छायाचित्रात मावते; ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी मोजून रब्बीला ज्वारी घ्यायची की हरभरा, यावर घासाघीस करणारे वीस शेतकरी मावत नाहीत.

पुढचे खरे काम मात्र त्या बैठकीत आहे. तेथे चर्चा होते ती वजाबाकीची, आणि वजाबाकी सुसह्य करणारी आशा वेगळी असावी लागते: पाणी सोडणाऱ्याला पर्यायी पिकाचा खर्च किती, भाव काय, तोटा झाला तर गट किती उचलणार, हे ताळेबंदाच्या त्याच कागदावर लिहिलेले हवे. तो कागद बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याऐवजी ज्याच्या बांधावर ऊस उभा आहे अशा शेतकऱ्याने वाचावा, अशी तजवीज कोणत्या गुणांकनातून करता येईल, हे आता फाउंडेशनच्या तालुका समन्वयकांनी शेतकरी गटांबरोबर बसून ठरवायचे आहे.